अनोळखी वनस्पती पेरापासून कुळापर्यंत कशी ओळखावी

अनोळखी वनस्पती समोर आली की नवा विद्यार्थी प्रथम तिच्या फुलाकडे पाहतो आणि लगेच नाव विचारतो. मोबाइलवरचे ॲप फोटोवरून नाव सांगते आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण त्या नावाचा पुरावा झाडाच्या कोणत्या भागात आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक नसेल, तर पुढच्या वेळी तीच वनस्पती फुलाविना दिसल्यावर तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणून येथे उलटा क्रम सुचवला आहे: आधी पेर, मग पान, मग वाढ, त्यानंतर फूल आणि कूळ, आणि नाव सर्वांत शेवटी. या कामासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, नवे ब्लेड, दोन सुया, पट्टी, पेन्सिल आणि कोरी वही एवढे साहित्य पुरते. महाराष्ट्रात जुलै ते ऑक्टोबर हा काळ सुरुवातीला सर्वांत सोयीचा आहे, कारण या दिवसांत टाकळा, तेरडा, कुर्डू, भुईआवळा यांसारख्या वनस्पती रस्त्याच्या कडेलाही फुललेल्या असतात.

पेरापासून सुरुवात

खोडावर ज्या जागी पान फुटते ती जागा म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडे. पानाचा देठ आणि खोड यांच्यामधल्या वरच्या कोनात, म्हणजे पानाच्या कक्षेत, एक लहानसे मुकुल, म्हणजे न उमललेला कोंब, असतो. या मुकुलातूनच फांदी किंवा फूल निघते. सपुष्प वनस्पतींच्या रचनेचा हा सर्वांत उपयोगी नियम आहे. तो एकदा हाताला लागला की पाठ करण्याच्या निम्म्या गोष्टी पाठ कराव्याच लागत नाहीत.

कडुनिंबाची डहाळी घ्यावी. तिच्यावर दातेरी कडांची जी लहान ‘पाने’ दिसतात, त्यांच्या बुडाशी भिंगाने मुकुल शोधावे. तेथे ते सापडत नाही. ते सापडते लांब मधल्या देठाच्या बुडाशी, जेथे तो खोडाला जोडलेला असतो. याचा अर्थ तो संपूर्ण देठ त्यावरच्या सर्व भागांसह एकच संयुक्त पान आहे आणि ती लहान ‘पाने’ म्हणजे पर्णिका आहेत. आता त्याच रीतीने पावसाळ्यात उगवणारा भुईआवळा पाहावा. दुरून त्याची बारीक फांदी अगदी संयुक्त पानासारखी दिसते. परंतु ती उलटी केली की प्रत्येक लहान पानाच्या कक्षेत इवलीशी फुले किंवा गोल फळे दिसतात. पर्णिकेच्या कक्षेत फूल येत नाही, तेव्हा ही फांदी आहे आणि तिच्यावरची पाने साधी आहेत. या दोन वनस्पती शेजारी शेजारी ठेवून काढलेली आकृती साध्या व संयुक्त पानाच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवते, असे माझे मत आहे.

काट्यांनाही हाच नियम लावावा. बोगनवेलीचा काटा पानाच्या कक्षेतून निघतो, म्हणून तो रूपांतरित फांदी आहे. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने, उपपर्णांच्या (देठाच्या बुडाशी येणाऱ्या दोन लहान पानांसारख्या भागांच्या) जागी असतात, म्हणून ती रूपांतरित उपपर्णे आहेत. गुलाबाचे काटे कांड्यावर कोठेही, पेराशी संबंध न ठेवता उगवतात. ते केवळ सालीवरचे उंचवटे असल्यामुळे बोटाने दाबले की सालीसह निघून येतात. फड्या निवडुंगाचे चपटे हिरवे फडे हे खोड आहे आणि पानांचे काम सोडून दिलेली त्याची पाने काट्यांच्या रूपात उरली आहेत.

जमिनीखालच्या भागांनाही हाच प्रश्न विचारता येतो. बटाट्यावरचे डोळे म्हणजे मुकुले. ज्याला मुकुले आहेत ते खोड, म्हणून बटाटा हे खोड आहे. रताळ्यावर पेरे आणि कांडी यांची मांडणी नसते. ते मूळ आहे. आल्याच्या आणि हळदीच्या गड्ड्यांवर आडव्या रेषा आणि सुकलेली खवल्यांसारखी पाने दिसतात, म्हणून तीही खोडेच होत. कांदा उभा चिरला की तळाशी जी कठीण चकती दिसते तेवढेच त्याचे खोड. बाकीचे मांसल पापुद्रे पानांचे आहेत.

यानंतर वहीत चार गोष्टी लिहाव्यात. पहिली, पानांची मांडणी: जास्वंदीप्रमाणे एकाआड एक, तुळशी किंवा रुईप्रमाणे समोरासमोर, की कण्हेरी आणि सातविणीप्रमाणे एकाच पेरावर तीन किंवा अधिक पाने. दुसरी, उपपर्णे आहेत की नाहीत. ती लवकर गळतात, म्हणून शेंड्याकडचे कोवळे पेर पाहावे आणि गळून गेल्याची खूणही शोधावी. तिसरी, चीक: देठ तोडून क्षणभर थांबावे आणि निघणारा रस पाण्यासारखा आहे की दुधासारखा ते नोंदवावे. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, त्यामुळे हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. चौथी, शिरांची जाळी. एकदल वनस्पतींत शिरा समांतर आणि द्विदल वनस्पतींत जाळीदार असतात हा नियम ढोबळ आहे; अळू एकदल असूनही त्याच्या पानात जाळी स्पष्ट दिसते.

वाढ कोठे होते हे तपासणे

प्राण्यांचे शरीर सर्व बाजूंनी वाढते. वनस्पती मात्र ठरावीक जागीच वाढते, आणि त्या जागा म्हणजे विभाजी ऊती. हे वाचून मान्य करण्यापेक्षा मोजून पाहणे सोपे आहे. मूग रात्रभर भिजवून ओल्या टिपकागदावर ठेवावेत. मूळ सुमारे 2 सें.मी. लांब झाले की बारीक ब्रशने न पुसणाऱ्या शाईच्या खुणा टोकापासून दर 2 मि.मी. अंतरावर कराव्यात आणि मुगाचे दाणे ओल्या, झाकलेल्या भांड्यात मूळ खाली राहील असे ठेवावेत. दुसऱ्या दिवशी मोजले असता बियाजवळच्या खुणांमधले अंतर बदललेले नसते. टोकाच्या किंचित मागच्या खुणा मात्र दूर गेलेल्या असतात. पेशी टोकाशी विभागतात आणि त्याच्या लगेच मागच्या पट्ट्यात लांब होतात, हे त्या पट्टीवरच्या आकड्यांतूनच दिसते. जोडीला हरभराही पेरावा. मुगाच्या डाळिंब्या खोडाबरोबर मातीच्या वर येतात आणि हरभऱ्याच्या जमिनीतच राहतात, ही तुलना अंकुरणाचे दोन प्रकार समजण्यास पुरेशी आहे.

खोडाच्या शेंड्यालाही अशीच प्ररोह विभाजी ऊती असते. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक खाली उतरते आणि खालच्या कक्षस्थ मुकुलांना दबावात ठेवते. म्हणूनच तुळशीचा शेंडा खुडला की थोड्याच दिवसांत खालची मुकुले जागी होऊन रोप दाट होते. घरात तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची जी रीत आहे, तिचा परिणामही हाच होतो. गवताची गोष्ट निराळी: त्याच्या पानांच्या आणि कांड्यांच्या बुडाशी आंतरीय विभाजी ऊती असते, त्यामुळे गुरांनी वरून चरले तरी पान खालून पुन्हा वर सरकते.

जाडी वाढवण्याचे काम पार्श्व विभाजी ऊती करते. साल आणि लाकूड यांच्यामधला कॅम्बियमचा पातळ थर आतल्या बाजूस जलवाहिन्यांचे आणि बाहेरच्या बाजूस रसवाहिन्यांचे नवे थर घालतो. सागाच्या लाकडावर वर्षागणिक जी कडी दिसतात ती याच कामाची नोंद आहे, कारण पानगळीनंतर नव्या हंगामात तयार होणाऱ्या वाहिन्या रुंद असतात. आंब्याच्या खोडात जमिनीपासून दीड मीटरवर खिळा ठोकला, तर वीस वर्षांनंतरही तो दीड मीटरवरच असेल. खोड त्याच्याभोवती जाड होईल, पण त्याला वर उचलणार नाही, कारण उंची फक्त शेंड्याशी वाढते. नारळाला असा कॅम्बियमचा थर नसतो. त्याचे खोड बांबूसारखेच एकदल रचनेचे, वाहिन्यांच्या विखुरलेल्या जुड्यांचे असते आणि त्याला शेंड्याकडे एकच वाढबिंदू असतो. गेंड्या भुंग्याने तो पोखरला की फांदी फुटून झाड वाचण्याची शक्यता राहत नाही.

फूल उघडून पाहणे

पहिल्या फुलासाठी जास्वंद घ्यावी, पण ती एकेरी पाकळ्यांचीच असावी. दुहेरी फुलात बरेच पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि मोजणी फसते. बाहेरून आत जावे: प्रथम निदलपुंजाच्या खालचा हिरवा बारीक पट्ट्यांचा घेर, मग एकमेकांना जोडलेली पाच निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले), मग कडेवर कड टाकून पिळल्यासारख्या बसलेल्या पाच पाकळ्या. त्यानंतर पुमंग, म्हणजे फुलाचा नर भाग: सर्व पुंकेसरांचे तंतू एकत्र येऊन एक नळी झालेली असते आणि तिच्यातून कुक्षीवृंत वर जाऊन त्याची पाच टोके होतात. शेवटी ब्लेडने अंडाशय आडवा कापून भिंगाखाली कप्पे मोजावेत. ते पाच असतात. हीच मोजणी भेंडीच्या फुलावर करावी आणि नंतर भेंडीची भाजीची चकती पाहावी. कप्प्यांची रचना तीच दिसते, कारण जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस ही सर्व मालवेसी कुळातली आहेत.

अंडाशय फुलाच्या इतर भागांच्या वर आहे की खाली, हे कधीही लिहायचे राहू नये. भोपळ्याच्या मादी फुलाखाली जो लहानसा भोपळा दिसतो तो अंडाशयच आहे; पाकळ्या त्याच्या वर बसलेल्या आहेत, म्हणून तो अधःस्थ. नर फुलाखाली तो नसतो. एवढ्या एका निरीक्षणावरून काकडी, कारले, दोडका यांचे क्युकर्बिटेसी कूळ वेगळे काढता येते.

फुलाच्या भागांची संख्याही नोंदवावी. एकदल वनस्पतींत ती बहुधा तीनच्या पटीत आणि द्विदलांत चार किंवा पाचच्या पटीत असते. येथे सीताफळ अडचण करते: त्याची निदले तीन, बाहेरच्या पाकळ्या तीन, तरीही ते एकदल नाही. सीताफळ, मिरी आणि दालचिनी या वनस्पतींचा समूह आधुनिक वर्गीकरणात एकदल आणि मुख्य द्विदल या दोहोंपासून स्वतंत्र धरला जातो.

कूळ ठरवणे

सुरुवातीला जातीपर्यंत जाण्याची घाई करू नये. सात-आठ कुळे पक्की झाली तर रस्त्याकडेच्या आणि शेतातल्या वनस्पतींचा मोठा भाग ओळखीचा होतो. समोरासमोर पाने, चौकोनी खोड, दोन ओठांचे फूल आणि फळात चार लहान कठीण भाग असतील तर लॅमिएसी, म्हणजे तुळशीचे कूळ. मात्र केवळ चौकोनी खोडावरून निकाल देऊ नये, कारण घाणेरी आणि पारिजातक यांची कोवळी खोडेही चौकोनी असतात. झेंडू किंवा दगडी पाला यांचे ‘फूल’ सुईने सोडवले तर अनेक लहान फुले हाती येतात, ते ॲस्टरेसी. गवत आणि लव्हाळा यांची गल्लत सर्रास होते: गवताचे खोड गोल, कांडी बहुधा पोकळ आणि पाने दोन ओळींत असतात, तर लव्हाळ्याचे खोड त्रिकोनी, भरीव आणि पाने तीन ओळींत असतात. खोड दोन बोटांत फिरवले तरी हा फरक हाताला कळतो.

सर्वांत चांगला धडा शेवग्याच्या शेंगेत आहे. वाल, तूर, पांगारा यांचे कूळ फॅबेसी. तेथे शेंग एकाच स्त्रीकेसराची बनलेली असते, ती दोन शिवणींवर उकलते आणि बिया एकाच शिवणीला लागलेल्या असतात. शेवग्याची शेंग आडवी कापली तर ती तीन भागांची दिसते आणि वाळल्यावर तीन फाकांत उकलते, म्हणजेच ती तीन स्त्रीकेसरांपासून झालेली आहे. बाजारात तिला शेंगच म्हणतात आणि म्हणत राहावे, पण वनस्पतिशास्त्रात शेवगा फॅबेसीत बसत नाही. त्याचे मोरिंगेसी हे स्वतंत्र कूळ आहे. पान, लांबी किंवा चव यांच्यापेक्षा आडवा छेद अधिक विश्वासाचा असतो.

कुळांच्या नावांबाबत एक व्यावहारिक सूचना. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये प्रसिद्ध केलेली जातींची द्विपद, म्हणजे दोन शब्दांची, नावे ही आजच्या नामपद्धतीची सुरुवात मानली जाते. कुळांच्या मांडणीसाठी मात्र भारतातल्या अनेक महाविद्यालयांत बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची 1862 ते 1883 या काळातली पद्धत दीर्घकाळ शिकवली गेली. 1998 पासून डीएनएच्या पुराव्यावर आधारलेली एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाची) पद्धत आली आणि तिची चौथी आवृत्ती 2016 मध्ये निघाली. त्यामुळे जुन्या पुस्तकात रुई ॲस्क्लेपिएडेसीत आणि काटेसावर बॉम्बॅकेसीत सापडते, तर आता त्या अनुक्रमे अपोसायनेसी आणि मालवेसी या कुळांत धरल्या जातात. टाकळाही पूर्वी कॅसिया टोरा होता, आता तो सेना टोरा आहे. वहीत दोन्ही नावे लिहावीत आणि कोणत्या पद्धतीनुसार ते नमूद करावे.

जातीपर्यंत जायचे असेल तर द्विपर्यायी किल्ली, म्हणजे दर पायरीला दोन विधानांतून एक निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता, वापरावी. प्रत्येक पायरीवरची दोन्ही विधाने पूर्ण वाचावीत. पहिले पटले म्हणून दुसरे न वाचता पुढे जाणे हेच चुकीच्या उत्तराचे नेहमीचे कारण असते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी थिओडोर कुक यांची जुन्या मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आजही तिच्यातल्या अशा ओळखीच्या तक्त्यांसाठी उपयोगी पडते, मात्र तिच्यातली नावे नव्याने तपासून घ्यावी लागतात.

नमुना ठेवणे

ओळख पक्की करायची तर वाळवलेला नमुना हवा. फूल आणि शक्य असल्यास फळ असलेली डहाळी घ्यावी, एक पान उलटे ठेवावे म्हणजे खालची बाजू दिसते, आणि वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबावी. पावसाळ्यात कागद रोज बदलावेत, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर सुमारे 42 × 28 सें.मी.च्या जाड कागदावर डहाळी चिकटवून खाली ठिकाण, तारीख, अधिवास, उंची आणि फुलाचा ताजेपणीचा रंग लिहावा, कारण वाळल्यावर रंग राहत नाही. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नये, आणि एखाद्या जागी मोजकीच रोपे दिसत असतील तर फोटो आणि आकृती यांवरच काम भागवावे. तयार नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रातील किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहता येतो. त्यासाठी महाविद्यालयामार्फत आधी परवानगी मागावी आणि जाताना आपली वहीही बरोबर न्यावी, कारण कागदावर चिकटवलेल्या पानात चीक, वास आणि उपपर्णांची कोवळी अवस्था यांपैकी काहीच दिसत नाही.