रफनेस टेस्टरचं रीडिंग पटत नाही? या चुका टाळा

नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी असो की बुटीबोरी, फिनिशवरून जॉब (तयार केलेला भाग) परत आला की पहिला संशय पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणाऱ्या टेस्टरवर जातो. टेस्टर बहुतेक वेळा बरोबरच असतो. चुकलेला असतो कटऑफ, म्हणजे ज्या लांबीपेक्षा रुंद चढउतार टेस्टर गाळून टाकतो ती लांबी.

०.८ मिमी एकदा सेट झाला की वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही. ०.२ मिमी फीडने (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) लेथवर टर्निंग केलेल्या जॉबला तो योग्यच आहे. पण फीड ०.५ मिमी असेल, तर ०.८ मध्ये टूलच्या जेमतेम दीड रेघा येतात. फिल्टर त्या रेघांचाच काही भाग वेव्हिनेस (रुंद लाटा) समजून काढून टाकतो आणि आरए, म्हणजे सरासरी खडबडीतपणा, कमी दिसतो. रेघांमधलं अंतर ०.४ मिमीच्या वर गेलं की २.५ चा कटऑफ घ्या, ०.१३ च्या खाली ०.२५ चा. मोजायची लांबी पाच कटऑफ, म्हणजे ०.८ ला ४ मिमी. जॉबची पायरी तेवढी लांब नसेल तर कटऑफ तोच ठेवून पाचऐवजी तीनच कटऑफ घ्या आणि रिपोर्टवर तसं लिहा.

मोजण्याआधी कागदावर हिशेब करा: फीडचा वर्ग भागिले टूलच्या नोज रेडियसची (टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येची) आठपट. ०.२ फीड, ०.८ रेडियस म्हणजे रेघांची उंची ६.२५ मायक्रॉन, आरए साधारण १.६. रीडिंग ०.५ आलं तर खूश होऊ नका, प्रोब (पृष्ठभागावर फिरणारा टेस्टरचा भाग) रेघांच्या दिशेनेच धावला असेल. शाफ्टवर तो अक्षाला समांतर हवा, फेसिंगवर त्रिज्येच्या दिशेने.

आरएला चारने गुणून आरझेड (शिखर ते दरीची उंची) लिहिणं तर बंदच करा. हे गुणोत्तर प्रत्येक प्रक्रियेला वेगळं असतं.

एप्रिल-मेमध्ये एक गोष्ट हमखास घडते: कूलर तपासणीच्या टेबलाला टेकवलेला असतो. कंपनं थेट रीडिंगमध्ये येतात. मोजेपर्यंत कूलर बंद ठेवा. कूलंटचा थर आणि बर (कडेला राहिलेली धातूची कणी) काढा, पण कॉटन वेस्टने नको, तंतू मागे राहतात.

टेस्टर तपासायच्या मास्टर पीसवर (खडबडीतपणा माहीत असलेला नमुना) छापलेली किंमतच टेस्टरला लावा, सगळ्यांना ३ मायक्रॉन नाही. रोज त्याच जागी घासलं की तिथे चरा पडतो, म्हणून जागा बदलत राहा. मास्टर सतत कमी दाखवत असेल तर लगेच गेन (टेस्टरची संवेदनशीलता) वाढवू नका. आधी स्टायलसचं, म्हणजे प्रोबच्या सुईचं, टोक भिंगाखाली बघा. झिजलेलं टोक दरीच्या तळापर्यंत पोचत नाही.