डिस्कोसायक्लिना ओळखताना या चुका टाळा

निपाणी, खानापूर, चिकोडीकडची मुलं एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे नमुने घेऊन बेळगावात माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, हे डिस्कोसायक्लिनाच ना?" डिस्कोसायक्लिना म्हणजे समुद्रातल्या एका एकपेशी जीवाचं जीवाश्म झालेलं कवच. तळहातावर मसुरीच्या दाण्यासारखी, मधे फुगीर चकती असते. बाहेरून बघून मी हो म्हणत नाही.

कारण लेपिडोसायक्लिना आणि ऑर्बिटॉइड्स ही तसल्याच दुसऱ्या जीवांची कवचंसुद्धा वरून अशीच दिसतात. एकोणिसाव्या शतकात यातली बरीचशी कवचं 'ऑर्बिटॉइड्स' याच एका नावाखाली जमा होती, तेव्हा जुन्या अहवालातलं नाव तपासल्याशिवाय उचलू नका. खरा फरक मधल्या पातळीवरच्या छेदात आहे, म्हणजे चकती आडवी, मध्यापर्यंत घासल्यावर दिसणाऱ्या पृष्ठभागात. डिस्कोसायक्लिनाचे कप्पे आयताकृती, गोल ओळींत बसलेले. विटांच्या बांधकामासारखा एका ओळीचा सांधा पुढच्या ओळीच्या सांध्यासमोर येत नाही. लेपिडोसायक्लिनात कप्पे कमानदार किंवा षटकोनी.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते घासताना. काचेवर ओली कार्बोरंडमची (घासायची कठीण) पूड, वर बोटाखाली चकती. चार फेऱ्या झाल्या की धुवा आणि लेन्सखाली धरा. बारीक जाळी आणि मधूनमधून पांढरे ठिपके दिसतात? ते मधल्या पातळीच्या वरचे बाजूचे कप्पे आणि त्यांच्यामधले खांब. अजून खाली जायचंय. अर्ध्या भागात गोल ओळी आणि अर्ध्यात जाळी असेल तर छेद तिरका चाललाय. जाळीच्या बाजूला बोट जरा जास्त दाबा. तिरक्या छेदात कप्पे ताणलेले दिसतात आणि माणूस भलतंच नाव लिहून मोकळा होतो. मध्यभागी पहिले दोन कप्पे, लहान कप्प्याला मोठ्याने कवेत घेतलेलं, स्पष्ट दिसले की तिथेच थांबा. आणखी दोन फेऱ्यांत ते पुसले जातात आणि तो नमुना परत मिळत नाही. खोगिरासारखी वाकलेली चकती एका पातळीत येतच नाही, तिचा हट्ट धरू नका, दुसरी घ्या.

एकाच जातीच्या दोन पिढ्या असतात: लहान कवचात पहिला कप्पा मोठा, मोठ्या कवचात तो इतका बारीक की सापडता सापडत नाही. मीही एकदा यांना दोन जाती ठरवून लेबलं लावली होती. नुम्युलाइट्समध्ये, म्हणजे नाण्यासारख्या कवचांच्या अशाच दुसऱ्या जीवांमध्ये, तर अशा जोड्यांना वर्षानुवर्षं वेगळी नावं होती.

चकतीवर चांदणीसारखे किरण असतील तर ॲस्टेरोसायक्लिना हे जवळचं नाव तपासून बघा.

पिशवीवर थराचं नाव जागेवरच लिहा. कच्छमध्ये फुलरा चुनखडीत डिस्कोसायक्लिना मिळते, तिच्या वरच्या मनियारा फोर्ट थरांत लेपिडोसायक्लिना. डिस्कोसायक्लिना इओसीन या कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी संपली आणि ऑर्बिटॉइड्स त्याच्याही आधी, ६.६ कोटी वर्षांपूर्वी. पिशव्या मिसळल्या तर हा पुरावाच हातचा जातो.

आणि घराजवळ म्हणून लोकापूर-यादवाडची चुनखडी फोडत बसू नका. ती कलादगी खोऱ्यातली, फार जुन्या काळातली. तिच्या काळी अशी कवचं करणारे जीवच नव्हते. तिच्यात स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले दगड, शोधा.