लॅपटॉप घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

सबमिशनच्या हंगामात टिळक रोडवरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही." बऱ्याचदा बिघडलेलं असतं ते फक्त विंडोज. ते घरी नीट करता येतं. अट एकच, तयारी लॅपटॉप धडधाकट असताना करायची.

"रिकव्हरी आतच आहे की"

पूर्वी खोक्यात सीडी यायच्या. आता कंपन्या रिकव्हरी, म्हणजे विंडोज पुन्हा टाकण्याचं सामान, लॅपटॉपच्याच डिस्कवर एका लपवलेल्या भागात ठेवतात, म्हणजे डिस्क गेली की औषधही गेलं. स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा आणि 32 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा (त्यावरचं सगळं पुसलं जातं). सिस्टीम फाइल्सचा बॅकअप घेण्याच्या चौकटीतली खूण काढू नका. ती काढली तर फक्त दुरुस्तीची साधनं मिळतात, विंडोज पुन्हा टाकता येत नाही. तुमचे फोटो आणि प्रोजेक्ट या ड्राइव्हवर येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवा.

हे करायचं राहिलं असेल, तर मित्राच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि त्यानं विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवा. ते फुकट आहे, 8 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो.

बिटलॉकरची किल्ली माहीत नसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बहुतेक वेळा विंडोजमधलं बिटलॉकर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करतं, तुम्हाला पत्ताही नसतो. मग मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की निळ्या पडद्यावर 48 अंकी किल्ली मागितली जाते. ती खात्यात साठवलेली असते, पण कुठल्या खात्यात? लॅपटॉप सुरू करून देताना दुकानातल्या मुलानं घाईत भलतंच खातं उघडलं असेल, तर शोधत बसा. किल्ली नसेल तर दुकानदार काय, मायक्रोसॉफ्टही डेटा उघडून देऊ शकत नाही. आजच खात्यात जाऊन ती पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपच्याच बॅगेत मात्र ठेवू नका.

डिस्क दिसत नाही म्हणून नवी आणणं

विंडोज टाकायला घेतलं आणि डिस्कची यादी रिकामी दिसली, की लोक एसएसडी मेली असं ठरवून टाकतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हवर नसू शकतो. कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, फाइल उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबा. डिस्क दिसू लागेल. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही दिसते, पण मग आधीचं विंडोज सुरू होईनासं होतं. आत डेटा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

यादी दिसल्यावर सगळे भाग सरसकट डिलीट करू नका. डी ड्राइव्ह सहसा त्याच डिस्कचा तुकडा असतो.

होमच्या जागी प्रो

2012 मधल्या विंडोज 8 पासून लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) टाकली की इंटरनेटला जोडल्यावर विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होतं. तरी काही ठिकाणी होमचे पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला क्रॅक केलेलं प्रो टाकून देतात, आणि गिऱ्हाईकही खूश! मूळचं होमच टाका, असं स्पष्ट सांगा.

कुठे थांबायचं

रॅम किंवा एसएसडी बदलणं घरी जमतं. डेल, एचपी आणि लेनोवो अनेक मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल साइटवर देतात, ती वाचूनच स्क्रू काढा. पण हार्ड डिस्क टकटक करत असेल तर लॅपटॉप बंद करा, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून तिला आणखी फिरवू नका. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, टचपॅड दाबून बसवू नका, सरळ दुकान गाठा.

आणि जुना रिकव्हरी पेन ड्राइव्ह विंडोज 10 चा असेल तर तो विंडोज 10 च परत आणेल. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे.