स्वराला हालचाल देण्यासाठी मॉड्युलेशनचा वापर

सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर (संगणकावर ध्वनी घडवणाऱ्या वाद्यावर) एखादी की दाबून धरली आणि स्वर शेवटपर्यंत जसाच्या तसा राहिला, तर कान लवकरच त्याच्यावरून उठतो. वाजत्या वाद्याचा स्वर क्षणोक्षणी बदलत असतो आणि तो बदल येथे मॉड्युलेशनने, म्हणजे एखादे नियंत्रण आपोआप किंवा हाताने हलते ठेवून, आणावा लागतो. प्रत्येक जोडणीत बदल घडवणारा स्रोत, ज्याच्यावर परिणाम होतो ते नियंत्रण आणि परिणामाचे प्रमाण अशा तीन बाबी असतात. स्वर बिघडतो तो बहुधा प्रमाणापायी.

सुरुवात फिल्टरच्या एन्व्हलपने करावी. एन्व्हलप म्हणजे की दाबल्यापासून एखादे नियंत्रण कसे चढते-उतरते याचा आराखडा: अटॅक हा चढण्याचा वेळ, डिके हा त्यानंतर उतरण्याचा वेळ आणि सस्टेन ही की दाबलेली असेपर्यंत टिकणारी पातळी. सॉटूथ लहर (करवतीच्या दात्यांसारखी, उच्च कंप्रतांनी भरलेली) घेऊन लो-पास फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरच्या कंप्रता फिल्टर गाळतो ती मर्यादा) 300 हर्ट्झच्या आसपास उतरवावा आणि मगच त्याला एन्व्हलप जोडावा, कारण कटऑफ आधीच पूर्ण उघडा असेल तर एन्व्हलपला उघडण्यासारखे काही उरत नाही. अटॅक जवळपास शून्य, डिके 200 मिलिसेकंद आणि सस्टेन शून्य ठेवल्यास तार छेडल्यासारखा टोकदार स्वर मिळतो. अटॅक 800 मिलिसेकंदांवर नेऊन सस्टेन वर चढवला, की तोच स्वर संथपणे उमलू लागतो.

कंपनासाठी एलएफओ (सावकाश वरखाली फिरणारा, स्वतः ऐकू न येणारा दोलक) पिचला, म्हणजे स्वराच्या उंचीला, जोडावा. वेग 5 ते 6 हर्ट्झ आणि प्रमाण 10 ते 20 सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) पुरेसे असते. एलएफओ मूळ स्वराच्या वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना फिरतो आहे ना, हे अवश्य पाहावे. तो केवळ वरच्या बाजूला फिरत असेल, तर स्वर चढा लागतो. कंपन पहिल्या क्षणापासून सुरू झाले तर ते यांत्रिक वाटते, म्हणून एलएफओचे प्रमाणच मॉड व्हीलच्या (कीबोर्डवरील हाताने फिरवायच्या चाकाच्या) हवाली करावे. व्हील खाली असताना स्वर स्थिर राहतो आणि लांबवलेल्या स्वराच्या उत्तरार्धात ते हळूहळू वर सरकवले, की कंपन वादकाच्या हातातून आल्यासारखे वाटते. ही एक जोडणी मनापासून साधावी, असा माझा आग्रह आहे.

सॅम्पलरमध्ये (सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित नमुने, वाजवणाऱ्या वाद्यात) व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोराने दाबली याचे माप, सर्वाधिक उपयोगी पडते. ती फक्त आवाजाच्या पातळीला जोडली, तर हलका आघात म्हणजे जोरकस आघातच आवाज कमी करून ऐकवल्यासारखा होतो. प्रत्यक्षात हलक्या आघाताच्या स्वरात झळाळीही कमी असते, म्हणून व्हेलॉसिटी कटऑफलाही जोडावी. त्यापुढे जाऊन ती सॅम्पलच्या आरंभबिंदूलाही उलट दिशेने जोडता येते: हलक्या आघाताला सॅम्पल काही मिलिसेकंद पुढून सुरू होते, सुरुवातीचा टोकदार ठोका गळतो आणि स्वर मऊ लागतो. मात्र त्यामुळे टकटक ऐकू आली, तर आवाजाच्या पातळीच्या एन्व्हलपचा अटॅक 2 ते 5 मिलिसेकंदांनी वाढवावा. एकच ड्रम-सॅम्पल भराभर वाजवायचे असेल, तर पिचला 5 सेंटांपर्यंतचा यादृच्छिक बदल द्यावा, म्हणजे प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा लागत नाही.

एका वेळी एकच जोडणी करावी, परिणाम स्पष्ट ऐकू येईपर्यंत प्रमाण वाढवावे, मग ते निम्म्यावर आणावे आणि इतर वाद्यांसोबत वाजवून पाहिल्यावरच पुढची जोडणी हाती घ्यावी.