चुलीसाठी घरी पत्रा कापताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की माझ्या पत्राकामाच्या शेडपुढे चुलीसाठी अर्धवट कापलेली बॅरलं यायला लागतात. थंडी पडते, अंघोळीला कढत पाणी लागतं, हुरड्याचे बेत ठरतात, आणि लोकांना एकदम चूल सुधारायची आठवण होते. कुणाला धुराडं बसवायचंय, कुणाला राख काढायला दार, कुणाला बंबाखाली जाळी. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, ऑनलाइन चार इंची ग्राइंडर मागवला, की झाला फॅब्रिकेटर! काम फसलं की मग, ‘भाऊ, एवढं जरा सरळ करून द्या.’ सरळ होण्यासारखं असेल ते करून देतो. पण कमी कापलेला पत्रा मला वाढवून देता येत नाही.

बॅरल रिकामं आहे, मग काय होतंय?

यावर सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या चुकांत पत्रा वाया जातो, यात माणूस जातो.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरानं भंगारातून थिनरचं बॅरल आणलं. दोनशे लिटरचं, वर दोन बुचं असलेलं. उपडं करून दाखवलं, एक थेंब पडला नाही. मी म्हटलं, बुचाला नाक लाव. म्हणाला, ‘काका, वास तर येणारच की, आत काही नाही.’ वास येतो म्हणजेच आत काहीतरी आहे, हे काही त्याला पटेना. थिनर किंवा पेट्रोल संपलं तरी वाफ उरते. भरलेल्या बॅरलात जळायला हवाच नसते, रिकाम्यात ती वाफ हवेत मिसळून ठिणगीची वाट बघत असते. पोरानं घरी जाऊन, कचरा आत पडू नये म्हणून, दोन्ही बुचं घट्ट लावली आणि ग्राइंडर टेकवला. डिस्क पत्र्याच्या पार गेली आणि बार उडाला. वरचं झाकण शिवणीतून उचकटून गोठ्यावर जाऊन पडलं. पोरगा बाजूला बसून कापत होता म्हणून वाचला. भुवया गेल्या, हाताची लव जळाली, आणि बरेच दिवस एका कानानं नीट ऐकू येत नव्हतं.

‘धुऊन घेतलं तर?’ हे हमखास विचारतात. साबणाच्या पाण्यानं खळबळलं तरी शिवणीत राहायचं ते राहतंच. ऑइलचं बॅरल तर जास्त फसवं. गार असताना वास येत नाही, पत्रा तापला की चिकटलेल्या तेलाची वाफ धरते. पाणी भरून कापतात, तेही ठाऊक आहे. पण विजेचा ग्राइंडर आणि काठोकाठ पाणी ही जोडी अंगणात जमवा, असं मी कुणाला सांगणार नाही.

मी आंब्याच्या पल्पचं बॅरल घेतो. त्याचं वरचं झाकण रिंगसकट अख्खं निघतं, आणि पल्प आतल्या पिशवीत असल्यामुळे पत्र्याला लागलेला नसतो. चार पैसे जास्त पडतात, पडू देत. रंग असतो, म्हणून पहिला जाळ रानात, घरापासून लांब करायचा आणि धुराच्या वाटेत उभं राहायचं नाही.

घरावरचा जुना पत्रा चुलीला

ज्यावर चंदेरी फुलं दिसतात तो जस्ताचा पत्रा. पावसाला उत्तम, जाळाला नाही. साधारण 200 अंशांच्या वर सतत तापला की जस्ताचा थर सुटायला लागतो, 419 ला जस्त वितळतं, आणि चुलीच्या पोटात याहून कितीतरी जास्त उष्णता असते. त्याला वेल्डिंग केलंत तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. एक-दोन दिवसांत उतरतो, पण ‘थंडी बाधली’ म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम करणारे महाभाग मी पाहिलेत. जाळ लागतो तिथे काळा, म्हणजे जस्त न चढवलेला पत्रा, निदान दोन मिलिमीटरचा. वरच्या धुराड्याला 20 किंवा 22 गेज पुरतो (गेजचा आकडा मोठा, तितका पत्रा पातळ). 18 गेजपेक्षा जाड पत्र्याला हातकात्री घालू नका, कात्रीच पिळवटते.

चार इंची पाइप, म्हणून बारा इंची पत्रा

ही माझी लाडकी चूक, दर हंगामात बघायला मिळते. ‘व्यासाच्या तिप्पट’ एवढंच लक्षात असतं. चार इंची पाइपचा परीघ बारा नाही, साडेबाराच्याही थोडा वर, 12.57 इंच येतो. त्यात जोडासाठी अर्धा इंच एकावर एक चढायला हवा, म्हणजे पट्टी तेरा इंचांहून अंमळ जास्त. बारा इंच कापणाऱ्याचा पाइप गोल होतो, पण कडा एकमेकींना भेटतच नाहीत. मग तो मधे दुसरी पट्टी ठिगळासारखी रिव्हेट करतो आणि सगळा धूर स्वयंपाकघरात.

मी आधी वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून बघतो. त्यावरून पुठ्ठा कापतो, पुठ्ठा बसला की मग पत्र्यावर सुईनं रेघ मारतो. पेन्सिलची रेघ तेलकट पत्र्यावर पुसली जाते आणि मार्करची जाड येते, त्यामुळे रेघेच्या अलीकडे कापायचं की पलीकडे हा घोळ होतो. पोरांना या पुठ्ठ्याचा कंटाळा. तासभर आखण्यात गेला म्हणजे काम झालंच नाही, असं त्यांना वाटतं.

चुलीला पाइपचं भोक पाडतानाही घाई नडते. पाइपएवढंच गोल कापून टाकतात, मग पाइप उभा राहायला काही आधारच नाही. दोन वर्तुळं आखा: एक पाइपच्या मापाचं, दुसरं त्याच्या आत अर्धा इंच. कापायचं आतलं. मग आतल्या कडेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत कात्रीनं चिरा द्या आणि पाकळ्या एकेक करून पक्कडीनं वर वळवा. त्यावर पाइप चढतो आणि तिथेच रिव्हेट बसतात. रिव्हेट लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमचे तापून ढिले होतात, दोन महिन्यांत पाइप डोलायला लागतो.

कात्री चालवताना पाती टोकापर्यंत मिटू नका. मिटलीत की त्या जागी कडेला बारीक दात उठतो, आणि तोच नंतर बोट फाडतो. पाती थोडी उघडी ठेवून पुढे सरकत राहा. कापून झाल्यावर कडेवर कानस फिरवायचीच, ‘आत जाणार आहे, कोण बघतंय’ हे चालणार नाही.

ग्राइंडरबद्दल थोडक्यात

गार्ड काढू नका. चार इंचीवर मोठी डिस्क चढवायला गार्ड काढणाऱ्याला मी शेडमध्ये उभं करत नाही. कापायच्या पातळ डिस्कनं घासू नका, ती बाजूच्या दाबानं फुटते. डिस्कच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदत छापलेली असते, ती वाचा. सुती हातमोजे घालून ग्राइंडर धरू नका, पत्रा उचलताना मात्र चामड्याचे घाला. चष्मा घाला. कडब्याची गंजी आणि गाडीची काच, दोन्ही ठिणग्यांच्या वाटेत नकोत. गंजी पेटते, आणि काचेत रुतलेली ठिणगी काही केल्या निघत नाही.

जोडताना

धुराड्याचे तुकडे जोडताना वरच्या पाइपचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे. उलटं बसवलंत तर आत साचलेला डांबरासारखा काळा रस जोडातून बाहेर येतो आणि भिंतीवर ओघळतो. भिंत रंगवायला निघालेले लोक मग माझ्याकडे पाइप ‘गळतो’ म्हणून येतात. पाइपला काही झालेलं नसतं. तुकडे काढायचे, उलटे करायचे, परत रिव्हेट मारायचे, आणि त्याचे मी पूर्ण पैसे घेतो.