"साबण कसा वाटला?" असं विचारू नका

"छान आहे की!" वडगावात शेजारणींना घरी केलेल्या साबणाची वडी फुकट दिली की हेच उत्तर मिळतं. त्यात आपुलकी असते, पण पुढचा घाणा सुधारायला त्याचा उपयोग होत नाही.

वडी 4 ते 6 आठवडे सुकल्याशिवाय कुणाला देऊच नका. ओली वडी भराभर विरघळते. मग दोष तेलांच्या प्रमाणाचा की आपल्या घाईचा, कळत नाही. दोन वड्या द्या, वर नुसतं 'क' आणि 'ख' कोरा. कशात खोबरेल जास्त, ते सांगू नका. कशाची ॲलर्जी आहे का, ते मात्र आधी विचारा, आणि खाज सुटली तर लगेच थांबायला सांगा.

घरात पाणी कुठलं येतं, तेही लिहून घ्या. राकसकोप धरणाच्या नळाच्या पाण्यात भरपूर फेसणारी माझी वडी बोअरच्या जड पाण्यात फेसलीच नाही, बादलीला पांढरा थर तेवढा धरला. त्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून तो थर होतो.

दहा दिवसांनी जा. अंग पुसल्यावर कातडी ओढते का? किती जणांनी वापरली? संपल्यावर यातली कुठली विकत घ्याल?

आणि उरलेला तुकडा मागून घ्याच. एका काकूंनी "छानच" म्हणत दिलेला तुकडा खालून लगदा झाला होता, वर बोटाचा ठसा उमटत होता. साबणदाणीला भोक नव्हतं. आता वडीबरोबर चार काड्यांची जाळीही देते.