रात्री पोटरीत गोळा आला तर काय करायचं, अन् तो येऊच नये म्हणून काय करायचं

नागपुरात मे महिना लागला की ओळखीतल्या पन्नाशी-साठीच्या लोकांकडून हेच ऐकू येतं, रात्री पायात गोळे येऊन राहिले, झोपच होत नाही. उन्हाळ्यात हा त्रास जास्त होतो हे खरंच आहे, कॅनडातल्या 2015 च्या एका अभ्यासातही तेच दिसलं होतं. पण बहुतेक जण फक्त बाम चोळतात नाहीतर मेडिकलमधून गोळी आणतात, आणि ज्याने खरा फरक पडतो ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळा आला त्या क्षणाचं. दुखलं की आपण आपोआप पाय लांब करतो अन् बोटं पुढे जातात, त्याने पोटरी अजूनच आखडते. करायचं याच्या उलट. गुडघा सरळ ठेवायचा आणि पंजा आपल्या नडगीकडे ओढायचा, हळूहळू, झटका न देता, आणि पोटरी सैल पडेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. कंबर वाकत नसेल, हात पोचत नसेल तर उन्हात डोक्याला बांधतो तो दुपट्टा उशाशी ठेवा. बसल्या बसल्या तो चवड्याखालून घ्यायचा, दोन्ही टोकं हातात धरायची आणि ओढायचं, टाचेखालून नाही बरं का, बोटांच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथूनच, नाहीतर पंजा वर येतच नाही. आमच्या सासूबाईंना मी स्वतः करून देते, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताने टाच धरायची आणि त्यांचा तळवा माझ्या मनगटाच्या वरच्या भागावर टेकवून त्यांच्या नडगीकडे दाबायचा. हाताखाली तो दगडासारखा गोळा हळूहळू विरघळताना कळतो.

उभं राहता येत असेल तर पाय जमिनीवर पूर्ण टेकवून वजन द्या, चार पावलं चाला, तेही चालतं. पण म्हातारी माणसं असतील तर आधी लाइट लावा, कशाला तरी धरा, अंधारात धडपडून खुब्याचं हाड मोडलं तर गोळा परवडला म्हणायची वेळ येईल. गोळा गेल्यावर हलक्या हाताने चोळा, शेक घ्या. शुगर असेल अन् तळपाय बधिर राहत असतील तर गरम पाण्याची पिशवी नकोच, भाजलं तरी कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, रोज झोपायच्या आधीचा ताण. नेदरलँड्समध्ये 2012 साली 55 च्या वरच्या लोकांवर अभ्यास झाला, त्यांनी सहा आठवडे झोपण्याआधी पोटरी अन् मांडीचा मागचा भाग ताणला, तर गोळे कमी आले आणि आले तेव्हा दुखलंही कमी. करायचं असं, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहायचं, हात भिंतीला, एक पाय मागे, मागचा गुडघा ताठ, पुढचा थोडा वाकवायचा आणि भिंतीकडे झुकायचं. सगळं लक्ष मागच्या टाचेवर ठेवा, ती किंचित जरी उचलली गेली ना तर पोटरीला ताण बसतच नाही. 30 सेकंद धरा, मग दुसरा पाय, असं तीनदा. मांडीसाठी टाच बुटक्या स्टुलावर ठेवून पाठ सरळ ठेवून थोडं पुढे वाका. दुखेपर्यंत ताणू नका, आणि दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडूही नका.

झोपताना ब्लँकेट पायाशी गादीखाली खोचू नका, पंजा खाली दाबला जातो. पालथं झोपायची सवय असेल तर पावलं गादीच्या बाहेर लोंबू द्या. सकाळी अंग मोडताना बोटं पुढे ताणायची नाहीत, कितीतरी जणांना गोळा नेमका तेव्हाच येतो. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात दिवसभर उभे राहणारे लोक आहेत, त्यांनी अधूनमधून बसावं, टाचा वरखाली कराव्यात आणि पातळ चपलेऐवजी नीट आधार देणारी चप्पल वापरावी.

पाण्याचं म्हणाल तर 45 डिग्रीत घाम गाळला असेल तर ताक, पन्हं, ओआरएस घ्याच. मात्र बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मीठ अन् ओआरएस डॉक्टरला विचारूनच घ्यायचं, केळ्यांचंही किडनीवाल्यांना तसंच. मॅग्नेशियमच्या गोळ्या खूप खपतात पण वयस्कर लोकांमध्ये त्यांचा म्हणावा तसा उपयोग दिसलेला नाही. आणि क्विनाइन, म्हणजे मलेरियाचं औषध, कोणी सुचवलं तरी या त्रासासाठी स्वतःहून अजिबात घेऊ नका, त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने तसा इशारा दिलेला आहे.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत गोळे येणं कॉमन आहे, ताण देण्याची पद्धत तीच, गोळ्या मात्र आपल्या डॉक्टरला विचारूनच.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. एकच पाय सुजला, गरम-लाल झाला आणि दुखणं थांबतच नाही तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा, सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ इमर्जन्सीत. चालताना पोटरी भरून येते अन् थांबलं की बरं वाटतं, हे रक्तपुरवठा कमी असल्याचं लक्षण असू शकतं, ते वेगळं दुखणं आहे. गोळे रोजच येत असतील, पायातली ताकद कमी वाटत असेल तरी जा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या, कारण बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी यांच्यामुळेही कधीकधी गोळे येतात, पण त्या मनाने बंद करू नका, बदलायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील.